नऊ पेन्स, जांभळी शाई

हलच्या गोदीमागे, मासळीच्या बर्फघराला लागून
आमचं गोदाम होतं.
अमेरिकेहून गठ्ठे यायचे, सुतळीने करकचून आवळलेले.
कुणी म्हणे, जहाजाचा तोल राखायला
वाळूच्या पोत्यांऐवजी हेच भरतात.
असेलही. वरच्या अंकाच्या कमरेला
सुतळीचा वळ असायचाच.

मी पंधराची. डोरीन रॅग. हातात रबरी शिक्का.
वर्तुळात नऊ, नवापुढे डी.
पेनीला डी का, हे आम्हा सहा जणींत
कुणालाच ठाऊक नव्हतं.
मुकादमीण मिसेस स्टॅमर्स सांगायची,
"किंमत दिसली पाहिजे. बाकी काही बघायचं नाही."

बाकी म्हणजे उडणारे पुरुष.
झगे, मुखवटे, छातीवर विजा,
एका हाताने आगगाडी अडवणारे.
आणि मी त्यांच्यावर, तासाला चारशे,
धप्.
धप्.
कुणाच्या खांद्यावर, कुणाच्या गुडघ्यावर,
पूल उपटून नेणाऱ्या राक्षसाच्या तर थेट कपाळावर.
एवढी त्यांची ताकद, पण माझ्या हाताखालून गेल्याशिवाय
ग्रिम्सबीच्या एका पोरापर्यंत पोहोचत नव्हती.
शिक्कामोर्तब म्हणतात ते हेच असावं.

गठ्ठ्यामागे एक पान मी चोरून वाचायची.
त्यामुळे माझ्या डोक्यात मंगळवारी एक जण छतावरून पडतो
आणि गुरुवारी भलताच कुणी जमिनीवर उतरतो.

मग तिकडच्या छापखान्यातूनच पेन्स छापून येऊ लागले.
एका शुक्रवारी आमचं टेबल उचललं.
शिक्का मी डब्याच्या पिशवीत टाकला, कुणी विचारलं नाही.
पुढे बिस्किटांचा कारखाना. बत्तीस वर्षं.

परवा नव्हे, सहा वर्षांपूर्वी
नातू किरन मला डॉनकास्टरच्या जत्रेला घेऊन गेला,
खेळांच्या हॉलमध्ये, टेबलांच्या रांगा,
प्रत्येक अंकाला प्लॅस्टिकचा अंगरखा.
विक्रेता म्हणाला, "ही ब्रिटिश प्रत. शिक्का आहे, म्हणून निम्म्यात.
कुणा बेअक्कल माणसाने तोंडावरच मारलाय."
मी म्हटलं, "नवाची शेपटी तुटलीय."
तेव्हा त्याने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

शेपटी तुटली ती बर्फ पडलेल्या आठवड्यात,
पायरीवर शिक्का पडला माझा.
म्हणजे बिनशेपटीचे सगळे माझे.

आता एक्केचाळीस आहेत.
नायक कोण, अंक कितवा, मला देणंघेणं नाही.
किरनने वही आखून दिलीय, त्यात एकच रकाना महत्त्वाचा:
कुठे मारलाय.
ढगावर. दिव्याच्या खांबावर. घोड्याच्या पोटावर.
किंचाळणाऱ्या बाईच्या उघड्या तोंडात, बरोब्बर.

लोक वाद घालतात, आमच्या प्रती अस्सल नव्हेत म्हणून.
अहो, तोच कागद, तेच यंत्र, तीच रात्र.
दोघी एकाच आईच्या,
एक माहेरी राहिली, एकीला समुद्रापार दिली,
म्हणून काय सावत्र होते?

अडतिसाव्या प्रतीवर शिक्क्याशेजारी
जांभळा अंगठा उमटलाय.
आयरीनने त्या दिवशी मिसेस स्टॅमर्सच्या कोटाच्या खिशात
हेरिंग सोडला होता. हसून हसून
माझा हात घसरला, असं मला आठवतं.
किंवा मला तसं हवंय. शेजारची मॉरीन कॉब्ली
माझा शिक्का अधूनमधून मागून घ्यायची.

किरन म्हणतो, आजी, अंगठा ठेवून बघ ना जुळतो का.
नाही ठेवत.
भट्टीच्या ट्रेनी रेषा कधीच खाऊन टाकल्यात.

वर एक माणूस उडतोय, हात पुढे, तोंड घट्ट मिटलेलं.
खाली, ज्यांना वाचायची परवानगी नव्हती
त्यांच्यातल्या कुणाचा तरी अंगठा.
वरील मजकूर वाचून दाखवला,
मान्य आहे.