तेलाचा डाग

शुक्रवारी साडेनऊला बेल वाजते
आणि टिळकनगरच्या आमच्या चौथ्या मजल्यावर
चार माणसं चपला काढतात.
त्यातल्या दोन जोड्या हल्ली डॉक्टरांनी सांगितलेल्या,
जाड टाचेच्या.

पूर्वी बोर्ड उघडायच्या आधी पुड्या उघडायच्या.
तिखट शेव, लसणाचे वेफर्स,
भाल्याने सायनहून आणलेलं, कागदातून पाझरणारं फरसाण.
बंदर कुणाचं, रस्ता कुणी अडवला
यावर भांडता भांडता परात रिकामी व्हायची
आणि आपण खाल्लं काय, ते कुणालाच आठवायचं नाही.

आमच्या त्या बेटाच्या खेळात एक मेंढी आहे.
म्हणजे मेंढीचं कार्ड. पाठीवर तेलाचा डाग,
साधारण श्रीलंकेच्या आकाराचा.
नोटाबंदीच्या वर्षीपासून
ती कुणाच्या हातात आहे ते सगळ्यांना माहीत असतं,
आणि सगळे माहीत नसल्यासारखे खेळतात.

मग मार्चमध्ये ग्लेनच्या छातीत
दोन बारीक जाळ्या बसल्या.
हॉस्पिटलात त्याने पहिलं विचारलं,
माझ्या विटांचं काय झालं?
आम्ही म्हटलं, तुझा डाव तसाच मांडून ठेवलाय.
ठेवला नव्हता.
मी घरी येऊन फोनमधल्या फोटोवरून मांडला,
एकेक सोंगटी.

त्यानंतर तो पहिल्यांदा आला तेव्हा
टेबलावर उकडलेल्या शेंगा होत्या,
कोरडे भाजलेले मखाणे, काकडी, रताळ्याच्या चकत्या.
सुनेत्राने पार्सलमधून उरलेल्या चॉपस्टिक्स आणलेल्या,
पत्त्यांना हात लागू नयेत म्हणून.
चॉपस्टिकने चणा उचलून बघा एकदा.
"उपास कुणाचा आहे?" भाल्या म्हणाला.
कुणी उत्तर दिलं नाही.
निलोफरने फासे टाकले. सात. म्हणजे चोर.

सवय लागायला दिवाळी उजाडली.
शेंगांचं एक बरं असतं, सोलाव्या लागतात.
समोरच्याचा विचार संपेपर्यंत पाचच होतात,
आणि टरफलांच्या ढिगावरून कळतं
कोण घाबरलंय.
भाल्या घाबरला की नुसता सोलत बसतो, खात नाही.
दाणे ग्लेनच्या वाटीत सरकवतो,
त्याच्याकडे न बघता.

ग्लेन मधूनच "गाडी बघून येतो" म्हणून खाली जातो.
गाडी त्याने गणपतीआधीच विकली.
वीस मिनिटांनी वर येतो, तोंडात बडीशेप,
बाहीवर लाल चटणीचा चुरा.
त्या रात्री थापांचा खेळ चालला होता.
पत्ता पालथा ठेवायचा, वाटेल ते सांगायचं,
संशय आला त्याने म्हणायचं, दाखव.
"गाडी ठीक?" निलोफरने विचारलं.
"ठीक."
कुणीच "दाखव" म्हटलं नाही.
"रडीचा डाव खडी," भाल्या पुटपुटला,
पण आपल्याच पत्त्यांना.
मी ताकाचा ग्लास पुढे केला, जिरं जरा जास्तच पडलेलं.
अर्धा पिऊन झाल्यावर ग्लेन म्हणाला,
"अर्धाच खाल्ला गं. पाव तर कावळ्याला दिला."
रात्री अकराला कावळा.
तेही आम्ही पालथंच राहू दिलं.

माझ्या पन्नाशीला सुनेत्राने नवा संच आणला.
कोरे पत्ते, करकरीत, एकही डाग नाही.
दोन फेऱ्या खेळलो. मेंढ्या कुणाकडे, काही कळेना,
आणि कुणाला मजाही येईना.
मग कुणीतरी जुन्या डब्यातून ती मेंढी काढली
आणि न विचारता गड्डीत पिसली.

आत्ता ती माझ्या हातात आहे.
चौघं आपापल्या पत्त्यांत तोंड खुपसून बसलेत.
शेंगा संपल्या आहेत,
दुसरा घाणा कुकरमध्ये आहे,
तिसरी शिट्टी व्हायची आहे.