कडेने धरा

कडेने धरा. दोन बोटांत. अंगठा वर येऊ देऊ नका.
आता ट्यूबलाइटखाली थोडा तिरका करा...
नाही, इतका नाही. हां. थांबा.

दिसलं?

सरळ धरला तर नुसता कळकट रुपया,
सन एकोणीसशे अठरा, पंचम जॉर्जची दाढी,
झग्यावरचा तो नखाएवढा हत्ती.
तिरका केला की कडेपासून हळद सुरू होते,
मग वीट, मग पिकलं जांभूळ,
आणि हत्तीच्या पाठीशी येऊन थांबतो
एक निळा, ज्याला मला अजून नाव सापडलेलं नाही.
नाखवा म्हणतात, चेंदणीच्या बंदरात होडीतून डिझेल सांडलं
की पाण्यावर हाच येतो.
सोनवणे बाई म्हणतात, मोरपंखी.
मी दोघांनाही हो म्हणतो.

तेहेतीस वर्षं मी बफिंगला होतो.
वागळे इस्टेट, पत्र्याची शेड,
कापडी चाक, हिरवा साबण.
समया, नळाच्या चाव्या, कुणाच्या स्कूटरचा बंपर,
येईल ते आरसा होऊन जायचं.
संध्याकाळी नाक शिंकरलं की काळं.
त्या काळ्यात काय काय होतं
ते कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

एकदा दिवाळीआधी एक गृहस्थ डबा घेऊन आले.
बेचाळीस रुपये, चांदीचे, आजोळचे.
"चकाचक करा." नगाला दोन रुपये.
जेवणाच्या सुट्टीआधी संपवले.
एकावर, आठवतं, सगळी संध्याकाळ होती,
वर केशरी, खाली गडद होत गेलेली.
चाकाला टेकवला. तीन सेकंद.
कापडावर एक रेघ उठली,
ती पुढच्या नळाने पुसली.
गृहस्थ खूश. वर दहा रुपये चहाला.

हा छेडांच्या तराजूत सापडला,
जांभळी नाक्यावर, मोडीच्या ढिगात, काडेपेटीसकट.
पेटी अर्धी उघडी राहिलेली,
म्हणून रंग असा एका बाजूने, चंद्रकोरीसारखा.
काड्या कधीच कुणाच्या तरी चुलीत गेल्या असतील.
मागे राहिलेल्या गंधकाने आपलं काम चालू ठेवलं
किती वर्षं, कुणाच्या माळ्यावर, कोण जाणे.
छेडा म्हणाले, "मळ आहे, घासून देऊ?"
मी इतक्या जोरात नको म्हणालो
की पोऱ्याच्या हातातला चहा हिंदकळला.

महिन्याच्या तिसऱ्या रविवारी, नौपाड्यात,
शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात आम्ही नऊ-दहा जण जमतो.
बाकावर उशी, उशीवर मखमल. पडलाच हातातून तर.
विकायचं काही नसतं.
नाणं डावीकडून उजवीकडे जातं
आणि ज्याच्या हातात असेल त्याची मान तिरकी होते.
कुणी "अरे" म्हणतं. बाकीचे वाट बघतात.

परवाच्या रविवारी नाखवांचा नातू आला होता, निशांक, वय सहा.
धरला त्याने कडेनेच. जीभ बाहेर काढून, फार जपून.
मग निळा दिसला
आणि राहवलं नाही त्याला.

घरी भिंगाखाली पाहिलं.
राजाच्या गालावर, जिथे अजून चांदी कोरी आहे,
एक इवला अंगठा. रेषांसकट.
चकलीचा असावा.
आत्ता पुसला तर जाईल, उद्या नाही जाणार.
हात आपोआप फडक्याकडे गेला,
त्याला तरी काय बोलणार,
तेहेतीस वर्षं तेच केलंय त्याने.

फडकं खणात टाकलं. खण लावला.
पाकिटावर पेन्सिलीने तारीख लिहिली, आणि त्याचं नाव.

त्याला मिसरूड फुटेल तोवर
तिथे हळद चढलेली असेल. कदाचित वीटही.
येईल तेव्हा मी असलो तर ठीक.
नसलो, तर तुम्ही द्या त्याच्या हातात.
थोडा तिरका करायला सांगा.
बाकी त्याला ठाऊक आहे.