माणशी साडेतीनशे, खाणं धरून

या, सावलीत उभं राहा. टोप्या घाला.
रेवदंड्यात शिरायचं तर वेशीतून,
आणि वेस म्हणजे ही, खांद्यावर पिंपळ वाढलेली,
हिच्यातून अलिबागची एस्टी
पोट आत ओढून जाते.

पहिलं खाणं इथेच, चालायच्या आधी.
इद्रूसच्या गाडीवर अर्धा ताडगोळा. अर्धाच.
पोट भरायला आपण आलेलो नाही,
गाव जिभेच्या टोकाने वाचायचं
आणि पान उलटायचं.

ही तटबंदी. हिच्या आत माणसं कमी, सुपारी जास्त.
फिरंगी गेले, तोफा राहिल्या.
एकीवर गोधडी वाळतेय. फोटो काढा,
गोधडी हलवू नका, काकू खिडकीतून बघत असतात.

दुसरं, चांगुणाबायच्या ओट्यावर:
जवळ्याची वडी, सुपारीएवढी,
सोबत पांढरा कांदा, न रडवणारा.
दरवेळी कुणीतरी विचारतं, हे व्हेज आहे का,
आणि चांगुणाबाय दरवेळी म्हणते,
"डोळं बघ त्याचं, तुज्याकडंच बघतंय."

वर बघा, सातखणी बुरूज.
सातातले चारच उरले,
वरचे तीन मी हाताने दाखवते, हवेत.
लोक हवेचाही फोटो काढतात.

आणि हा दरवाजा. घर नाही, भिंत नाही, नुसती चौकट.
इथे एक गुत्ता होता. खलाशी माडी प्यायचे,
पुळणीवरची वाळू उडून पेल्यात पडायची,
म्हणून गुत्तेवाली प्रत्येक पेल्यावर
भाकरीचा चतकोर झाकायची,
चतकोर उडू नये म्हणून त्यावर बोंबलाचा तुकडा.
तेव्हापासून, मंडळी, चाखणा.

हे मी रचलं.
पहिल्याच हंगामात, टळटळीत दुपारी,
पाच माणसं, एक किरकिरं मूल,
आणि मला पुढचं काही आठवेना.
बोटीवरच्या माझ्या आतेभावाने
कादिझ बंदरातून फोनवर सांगितलेली गोष्ट
मी उचलून इथे ठेवली, वाळूसकट.
तिकडे तरी ती खरी असेल, असं नाही.

पाच वर्षं झाली.
एस्मिनाच्या खानावळीत आता कोकमाच्या पेल्यावर
चतकोर येतो, दहा रुपये जास्त.
शाळेच्या हस्तलिखितात गुत्ता आलाय, चित्रासकट,
गुत्तेवालीच्या नाकात नथ, पायात स्लीपर.
आणि गेल्या रविवारी धाकू तांडेलांनी,
वय ब्याऐंशी, जाळं विणता विणता मला थांबवलं:
"पोरी, तू नीट नाय सांगत.
तिचं नाव बयजा. माज्या आज्याची आजी सांगायची.
आनि बोंबील नव्हं. मांदेली."

मी वहीत लिहून घेतलं.
बोंबील खोडला.

चला, शेवटचं. बंदरावर.
दगड गरम असतील, रुमाल घालून बसा.
समोर खाडीपलीकडे कोर्लई,
तिथे फिरंग्यांचे शब्द अजून चुलीपाशी आहेत,
मालक गेले तरी.
एस्मिनाचं माहेर तिकडचं. तिला विचारलं मी,
तुमच्या बोलीत चाखण्याला काय म्हणतात.
म्हणाली, "आम्ही खातो. नावं ठेवत बसत नाही."

पेले आले. पाच, सहा, सात.
मांदेली सकाळच्या आहेत, काटा मऊ, अख्खी खा.
तुम्ही, निळी टोपी, काय विचारलंत?
खरं का?
ते बघा तांडेलांचं घर, हिरवं दार, पायरीवर जाळं.
जाऊन विचारा. मला नका.

वारा फिरला.
वाळू येतेय खरंच.
पेले झाका.