नव्याण्णव

पहिल्या दिवशी अथणीकर मॅडमनी पेशंट दिलाच नाही.
म्हणाल्या, आधी स्वतःचं ऐका.
सांगली सिव्हिलच्या जिन्याखाली आम्ही सात जण
एप्रनच्या आत नळी सारून
माना खाली घालून उभे.
लांबच्या उसाच्या फडात वारा शिरावा तसं:
आत येताना सावकाश, जाताना आखूड,
मध्ये कुठे थांबणं नाही.
हे पाठ करा, मॅडम म्हणाल्या, बाकीचं मग कळेल.

बाकीचं वॉर्डात भेटलं.
चार नंबरचा दमा, पाणी यायच्या आधी
नळ सुस्कारतो ना, तशी शिट्टी.
नऊ नंबरच्या तळाशी बारीक चरचर.
कानाशी केसांची बट चोळून बघ, म्हणाल्या.
चोळली. तेल लावलेलं होतं, तरी ऐकू आली.

अकरा नंबरला आदगोंडा मगदूम.
मार्केट यार्डात मापाडी, चाळीस वर्षं हळद.
नखांत पिवळं, बनियनच्या शिवणीत पिवळं.
पाठीवर तळवा ठेवून म्हटलं,
काका, नव्याण्णव म्हणा.
"नव्याण्णव."
परत म्हणा.
"शंभर."
नाही, नव्याण्णवच.
"आवो बाई, मापात मागं येता येत न्हाई."

उजवीकडे आकडा तळव्यात झिणझिणला.
डावीकडे, खांद्याच्या पात्याखाली,
काहीच नाही.
नळी झटकली. पंखा बंद करायला लावला.
फड बांधाशी संपतो तसा वारा तिथे संपलेला.
बोटानं ठोकलं तर
गच्च भरलेलं पोतं.
वहीत त्या जागेपुढे काय लिहावं कळेना.
मॅडमनी माझं पेन घेतलं, लिहिलं: पाणी.

बाटलीत उतरलं ते पिवळंधम्मक.
काकांनी उशीवरून मान वळवून पाहिलं.
"राजापुरी न्हवं," म्हणाले. "हलका माल."

सहाव्या दिवशी त्याच जागी नळी ठेवली
आणि दचकले.
कर्र. कर्र.
कोरी पायताणं घालून आत कुणी
येरझारा घालत होतं,
श्वास घेताना जात, सोडताना परत येत.
मॅडम, बिघडलंय काहीतरी.
त्यांनी ऐकलं, डोळे मिटून, बराच वेळ,
चहा आला, निवला, तोवर.
"पाणी हटलं. दोन पापुद्रे
परत एकमेकांना घासायला लागलेत.
दुखेल चार दिवस. वाजू दे."

मी पुन्हा तळवा ठेवला. काका, म्हणा.
या खेपेला त्यांनी पहिल्यापासून धरलं.
मापाडी एकाला एक म्हणत नाही.
"लाभ," ते म्हणाले,
आणि डाव्या बाजूला, अगदी थोडं,
हाताला लागलं.