हेविनची पाटी

मी ब्लायनाईत टपाल वाटते, म्हणून मला ठाऊक.

इद्वालच्या शेडमध्ये दोन वर्षं
भिंतीला टेकून उभी होती ती,
जांभळट, पुरुषभर उंच, घासूनपुसून तयार.
हेविन ओवेनचं नाव कोरायचं होतं तिच्यावर.
हेविन, म्हणजे ज्यानं पोरसवदा इद्वालच्या हाती
पहिली छिन्नी दिली
आणि त्याचा पहिला ‘ओ’ बघून विचारलं,
“बटाटा काढलास का रे?”

रोज सकाळी इद्वाल पाटीसमोर.
खडूची एक आडवी रेघ.
बाहीनं पुसलेली तीच रेघ.
मग त्याला आठवायचं
शाळेच्या पायरीवरचं साल झिजलंय.

अशानं शाळेची पायरी झाली.
बेकरीचं नाव झालं,
मेलेल्या कुत्र्याच्या दगडावर चार अक्षरं झाली,
आणि चॅपेलमागे एक सूर्यघड्याळ.
आमच्याकडे ऊन पडतं ते किती!
तरी बारा आकडे, एकही तिरका नाही.

हातावर हात ठेवून बसणं त्याला जमत नाही.
एक काम टाळायला
त्याला दुसरं काम लागतं.

गाव लबाड.
“पाटी कोरीच आहे ना अजून?”
बायका मला फाटकातच गाठायच्या.
मी मान हलवली
की निघायच्या आपापले उंबरे घेऊन.

लुनेद, हेविनची बायको, दर मंगळवारी यायची,
मनुकांचा पाव फडक्यात गुंडाळून.
पाटीकडे पाठ करून बसायची.
आठवड्याची अक्षरं मागायची बघायला,
खाचांतून बोट फिरवायची सावकाश.
एकदा एवढंच म्हणाली,
“ओ गोल व्हायला लागलाय.”

जानेवारीत मीच नेलं ते खाकी पाकीट.
करखातं. लाल शाई. अखेरची सूचना.
इद्वाल चष्मा लावून फॉर्मसमोर बसला.
पहिला रकाना: नाव. भरलं.
दुसरा रकाना: वर्षभराचं उत्पन्न.

मी कोपऱ्यावर पोचले नसेन
तोच मागून छिन्नीचा आवाज.

चार दिवस चालला.
पाचव्या दिवशी मी आत डोकावले.
एच बेकरीचा होता,
एन त्या कुत्र्याचा, मी ओळखला,
आणि ओवेनचा ओ
बटाटा नव्हता.
लुनेद त्याच्यासमोर उभी होती,
पाव तसाच फडक्यात.

आता पाटी टेकडीवर आहे, पावसात.
पहिले काही दिवस गाव धास्तावलं होतं,
आता आपल्या उंबऱ्यांचं कसं?
पण फॉर्म अजून खिडकीत आहे,
वर दगडाची कपची ठेवलेला,
दुसऱ्या रकान्यापाशी थांबलेला.

काल आणखी एक पाकीट नेलं.
देता देता सहज बोलल्यासारखं बोलले,
माझ्या दारावर नाव नाही म्हणून.

पाकीट न उघडताच
तो म्हणाला, “किती अक्षरी?”