सोमवारी काय वेगळं कराल?

शनिवार, सकाळचे सव्वानऊ. केटरिंग.
मेथडिस्ट चर्चच्या मागचा हॉल,
एका रेडिएटरला ताप, दुसरा गार पडलेला,
आणि आम्ही नर्सरीतल्या अठरा बायका, एक बुवा,
तीन वर्षांच्या मुलांच्या खुर्च्यांवर
गुडघे हनुवटीशी घेऊन.

"मुद्दाम मागवल्यात," फिलिपा म्हणाली,
निळ्या काड्यांच्या चष्म्यातून हसत.
"माझ्या कमरेला कुणी विचारलं?"
ग्लेनिस माझ्या कानात.

पहिला तास रांगण्याचा.
खरंच. तळहातांवर, गुडघ्यांवर अख्खी खोली फिरायची
आणि काय दिसलं ते सांगायचं.
मला टेबलाची खालची बाजू दिसली:
वाळलेलं च्युइंगगम, निम्मा बाहेर आलेला स्क्रू,
आणि खडूचा एक मासा,
कुणीतरी उताणं पडून काढलेला, कुणालाही न सांगता.
मीही नाही सांगितलं.
"धूळ," एवढंच म्हणाले.

चहा. कस्टर्ड क्रीम बिस्किटं.
फोलाशादेनं पर्समधून तिखट शेंगदाण्यांची पुडी काढली,
ती मात्र लगेच संपली.

मग फिलिपा म्हणाली, मुलाला प्रश्न विचारलात की थांबा.
दहा आकडे. मनात. ओठ न हलवता.
आपण एकही थांबत नाही, म्हणाली,
पहिल्या प्रश्नावर दुसरा टाकतो,
ओल्या कपड्यावर ओला कपडा,
आणि म्हणतो, वाळत कसं नाही.

बार्शीत चौथीला हिंगमिरे सर होते.
"सतरा नव्वे?" आणि खडू फळ्यावर टेकायच्या आत
"पुढची!"
एकशे त्रेपन्न माझ्या दातांशी येऊन थांबलेलं.
पुढचीनं चुकीचं सांगितलं, तरी ती बसली.
मी तास संपेपर्यंत उभी.

जोड्या पाडल्या. बोझेना बाई, मी मूल.
"आज सकाळी काय झालं?" तिनं विचारलं,
आणि गप्प झाली.
तीन. रेडिएटर टकटकला.
पाच. तिच्या डाव्या भुवईत एक जुनी खोक आहे,
चार वर्षं एकत्र नॅपी बदलतोय, आज दिसली.
आठला माझ्या तोंडून मराठीत निघून गेलं,
"लेकानं आजही फोन उचलला नाही."
बोझेनाची मान हलली, हळूच,
पण तिनं दहा पुरे केले. नियम म्हणजे नियम.

चार वाजता फॉर्म.
बिस्किटांना पाचपैकी किती, हॉलला किती,
आणि तळाशी तीन ओळींची चौकट:
सोमवारी काय वेगळं कराल?
ग्लेनिसनं लिहिलं, उशी आणीन.
मी लिहिलं, थांबेन.
उरलेल्या अडीच ओळी तशाच दिल्या.
सर्टिफिकेटवर माझं नाव वैजंता महालकर.
वैजयंता मोहोळकर आहे ते. असो.

सोमवार. कोटांच्या खुंट्या.
रारेश, साडेतीन वर्षांचा,
सप्टेंबरपासून आमच्यात एक शब्द बोललेला नाही,
रुमानियनही नाही, इंग्रजीही नाही.
रोज मी विचारते, कोट घालायचा? चेन लावू? लावू ना?
आणि तिसऱ्या प्रश्नाच्या आत चेन गळ्याशी.

आज एकच विचारलं. "चेन लावू?"
एक. दोन. मागे कुणाचा तरी बूट हरवला.
सहा. ओरडा झाला, बूट सापडला.
दहा.
दहाच्या पुढे काय करायचं, ते फिलिपानं सांगितलं नव्हतं.
अकरा. बारा.
रारेश चेनकडे बघत होता,
जसं कुत्रं ओळखीचं आहे का ते बघावं तसं.

बोलला नाही.
हनुवटी वर केली, छताकडे, पार मागे,
आणि गळ्यापाशी, कोवळ्या कातडीवर,
दोन बारीक लाल चिमटे.

मी चेन वर घेतली, एकेक दात.
बाकीचे सगळे केव्हाच बाहेर पळाले होते.