पोटात की वेगळं

मोहोळजवळच्या कुठल्याशा शेडमधून
ह्यांनी ती पोत्यात घालून मोटरसायकलवर आणली.
कोंबडी नव्हे, टर्की. साडेसहा किलो.
सोलून धुऊन परातीत ठेवली तर पाय परातीबाहेर,
आखूड बाजेवर पाहुणा निजावा तसे.
एका घराला संपणारी नव्हे,
म्हणून ह्यांनी भावाला फोन केला. सहा वर्षांनी.

सारण माझं तयार होतं:
कडक भाकरीचा चुरा, जाडसरच,
खलात कुटलेली शेंगा चटणी,
तांबूस कांदा, काळजाचे बारके तुकडे, मूठभर बेदाणे,
आणि किसलेली लिंबाची साल.
ही साल मिशनच्या बंगल्यातली.
सासूबाई तिथे स्वयंपाकाला होत्या.

जाऊबाई होटगी रोडवरून आल्या,
पिशवीत स्वतःची सुरी घेऊन.
एस्तेरबाई. सिव्हिलला एकवीस वर्षं नर्स.
चप्पल काढता काढताच म्हणाल्या,
"पोटात भरू नकोस, सगुणा.
बाहेरचं मांस शिजतं, आतलं कोमट राहतं.
कोमट म्हणजे काय, ते वॉर्डात बघितलंय मी.
ट्रेमध्ये वेगळं भाज. पोरं खरवडून खातात."

"आणि रस?" मी म्हटलं.
"पोटातलं सारण रस पितं.
वेगळं भाजलं की नुसता चुरा,
परगावी नोकरीला लागल्यासारखा."

वेगळं.
शब्द ओट्यावर पडला आणि तिथेच राहिला.
ह्याच ओट्यावर भांडी मांडली होती आम्ही,
हे पातेलं तुझं, ही किसणी माझी,
झारा कुणी आणला होता त्यावरून अर्धा तास.
जर्मनची मोठी परात कुणालाच नको होती.
म्हणून ती इथे.
तिच्यातच आता टर्की.

बेकरीवर रिक्षाने गेलो.
मधोमध ती, ओल्या टॉवेलात गुंडाळलेली,
अलीकडे मी, पलीकडे त्या,
सारणाचा डबा माझ्या मांडीवर.
विजापूर वेशीत दस्तगीरभाईंची भट्टी.
चोवीस तारखेला शेवटचे पाव निघाले
की आमच्या लोकांचे ट्रे आत घेतात, चिठ्ठ्या लावून:
उजागरे. हिवाळे. रणभिसे एक. रणभिसे दोन.

त्यांनी ती दोन्ही हातांवर तोलली.
"ये मुर्गी है क्या बकरा?"
मग, "पोट भरलंय?"
"ठरायचंय," आम्ही दोघी एकदम.

दस्तगीरभाई हसले नाहीत.
"भट्टी आता उतरत जाणार, बाई.
भरलेलं पोट उशिरा शिजतं.
रिकामं लावा, फजरच्या आत देतो.
भरलेलं लावाल तर तुमची उपासना चुकेल,
आतलं पिकेपर्यंत छातीचं लाकूड होईल.
मग माझं नाव घेऊ नका."

सासूबाई भरायच्या. सुईदोऱ्याने पोट शिवायच्या.
पण त्यांची कोंबडी सव्वा किलोची,
दोन मुठी सारणात गळ्यापर्यंत भरायची.
हे मी आजवर हिशेबात धरलंच नव्हतं.

डबा ट्रेमध्ये पालथा केला.
एस्तेरबाईंकडे बघितलं नाही.
त्यांनी पिशवीतून अख्खा कांदा काढला, अर्धं लिंबू,
आणि टर्कीच्या रिकाम्या पोटात सारलं.
"एवढं घाल पोटात," म्हणाल्या.
टर्कीला म्हणाल्या की मला,
मी विचारलं नाही.

चिठ्ठी दस्तगीरभाईंनीच लिहिली.
रणभिसे. पुढे आकडा नाही.

बाहेर बाकावर बसलो, एका शालीत.
मागच्या गल्लीतले माग खटखटत होते,
त्यांना नाताळ नाही.
पहाटे ट्रेमधला सगळा रस मी सारणावर ओतला
तेव्हा ते चरचरलं, आणि एस्तेरबाईंनी
बोट भाजून घेत कडा मोडून खाल्ली.
"बरंय," म्हणाल्या. बरंच होतं.
पोटातलं याहून चांगलं लागतं, हे माझं मत अजून आहे.

उरलेलं सारण परातीतच दिलं त्यांना.
रिकामं भांडं परत पाठवायचं नाही, हे त्यांनाही ठाऊक.
गड्ड्याची यात्रा उठली. जानेवारी सरला.
परात आलेली नाही.
मी मागणार नाही.